पक्कडबाई

माझ्या सासूबाई एकतीस वर्षं सूतगिरणीत यंत्रं दुरुस्त करत होत्या. गिरणीत त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे त्यांना 'पक्कडबाई' म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं.

कारण ती पक्कड. मिटलेली असली की चष्म्याच्या घराहून लहान, पण हातात घेतली की वजन जाणवतं. दोन्ही मुठी उलट्या फिरवून उघडल्या की मधून पक्कड बाहेर येते, आणि मुठींच्या पोटात सुरी, करवत, कानस, कात्री आणि तीन पेचकस दडलेले असतात. नवीन यंत्रं बसवायला दुसऱ्या देशातून एक इंजिनियर आला होता. त्याचं एक यंत्र चार दिवस सारखं अडत होतं, आणि कारण त्याला सापडत नव्हतं. आईंनी यंत्राच्या अंगावर तळहात ठेवला, थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तिसऱ्या दांड्याला बाक आहे." दांडा काढला तर खरोखरच बाक होता. जाताना त्या माणसाने आपल्या पट्ट्याची पक्कड काढून आईंच्या हातावर ठेवली. त्याला सव्वीस वर्षं झाली.

त्या सव्वीस वर्षांत ती पक्कड आईंच्या अंगावर नाही असा दिवस गेला नसेल. माझ्या लग्नातल्या फोटोंत आईंच्या नव्या कोऱ्या कपड्यांवर कमरेशी एक उंचवटा दिसतो. पाहुणे विचारतात, हे काय? मी म्हणते, सासूबाई. एकदा विमानतळावर ती काढून घ्यायला लागले, तर आई प्रवासच रद्द करून घरी परत आल्या. माझ्या नणंदेच्या बाळाच्या बारशाला त्या पोचल्याच नाहीत, आणि नणंद अजून तो विषय काढते.

निवृत्तीनंतर तरी हे थांबेल असं वाटलं होतं. छे! बाकाचे स्क्रू, बागेतला नळ, दवाखान्यातल्या खुर्चीचं चाक, जे दिसेल त्याला हात. दर रविवारी नाश्ता झाला की टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, जुन्या टूथब्रशने पक्कड घासायची, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सांध्यात सोडायचे आणि वीस वेळा उघडझाप करायची. सुरी धार लावून लावून निम्मी उरली होती. कात्रीची स्प्रिंग तुटली होती, तिथे सेफ्टी पिन वाकवून बसवली होती. नवऱ्याने एकदा वाढदिवसाला नवी चकचकीत मल्टीटूल आणली. आईंनी ती उघडली, मिटली, पुन्हा उघडली आणि त्याच्या हातात परत दिली. "सांधा ढिला आहे. तूच वापर."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माणसांची हाडं, सांधे, स्नायू हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे आईंचा उजवा अंगठा मला सगळ्यांच्या आधी दिसला. बुडाशी सांधा सुजलेला, चहाचा कप उचलतानाही चेहरा आक्रसायचा. मी सांगून दमले.

"आई, ही पक्कड आता ठेवून द्या. अंगठ्याच्या सांध्याची झीज झाली आहे. दाबायचं काम करायचं नाही."

"झीज कशाची होत नाही? तुझ्या जिभेची तेवढी होत नाही."

शेवटी मी नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात हाताच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि रजा टाकून आईंना स्वतः घेऊन निघाले. मनात ठरवलं होतं की डॉक्टरांच्या तोंडून एकदा वदवून घ्यायचं, मग बघू कुठे जाते ही पक्कड.

नदी तिथे समुद्राला मिळते, त्यामुळे पात्र खूप रुंद आहे. पूल आहे, पण तो फक्त रेल्वेचा. माणसांना फेरीबोट. सकाळची साडेनऊची बोट, साठेक माणसं, लाकडी बाकं, वारा बऱ्यापैकी. आम्ही डाव्या कडेच्या बाकावर बसलो. बाकाखाली लांबच लांब लाकडी पेटीसारखं झाकण होतं, आणि त्याच्या आतून मधूनमधून खडखड ऐकू येत होती. दोर सोडत असलेल्या खलाशाला आई म्हणाल्या, "अहो, तुमची साखळी कोरडी पडली आहे."

तो हसला. "आजी, ही बोट माझ्याहून म्हातारी आहे. कुरकुरणारच."

"म्हातारं माणूस उगाच कुरकुरत नाही," आई म्हणाल्या. मी दुसरीकडे बघितलं. चारचौघांत लाज आणायची त्यांची ही सवय मला ठाऊक होती.

अर्ध्या पात्रात आलो असू. बाकाखालून बंदुकीसारखा आवाज झाला, फाट्! माझ्या पायांना धक्का बसला. पुढच्याच क्षणी कप्तानाच्या केबिनमधून ओरड ऐकू आली. बोट उजवीकडे झुकत वळू लागली आणि वळतच राहिली.

नंतर आम्हाला सगळं समजावून सांगण्यात आलं, पण आईंना ते तेव्हाच कळलं होतं. कप्तानाच्या चाकापासून दोन्ही कडांनी साखळी निघते. पुढे तिला पोलादी दोर जोडलेला असतो, आणि तो दोर मागे सुकाणूच्या दांड्याला जातो. डावा दोर ओढला की बोट डावीकडे, उजवा ओढला की उजवीकडे. डावीकडच्या साखळीला आणि दोराला जोडणारी कडी तुटली होती. म्हणजे बोट आता फक्त उजवीकडे वळू शकत होती, आणि उजवीकडे रेल्वे पुलाचे खांब होते. ओहोटीची ओढ तिकडेच होती.

कप्तानाने इंजिन मंद केलं. नांगर टाकला, पण तळ खडकाळ, तो धरेना. अशा वेळी सुकाणूला डेकवरून हाताने फिरवायचा एक वेगळा लोखंडी दांडा बोटीवर असतो. तो होता. पण तो ज्या भोकात बसवायचा, त्याचं झाकण गंजून घट्ट झालं होतं. एक खलाशी त्यावर घण घालत होता. प्रत्येक घावाला लोक दचकत होते. समोरची एक बाई रडायला लागली. मी आईंचा हात धरायला गेले, तर आई जागेवर नव्हत्या.

त्या खाली गुडघे टेकून बसल्या होत्या. पक्कड हातात, पेचकस उघडलेला, आणि बाकाखालच्या झाकणाचे स्क्रू निघत होते. पहिला, दुसरा, तिसरा. चौथा फिरेना. आईंनी पेचकस मिटला, पक्कड उघडली, स्क्रूचं डोकं चिमटीत धरलं आणि मनगट फिरवलं. त्यांचा चेहरा वेदनेने पांढरा झाला. स्क्रू निघाला.

"अंगठा!" मी नकळत म्हणाले.

"अंगठ्याला नंतर बघू. झाकण उचल."

आत साखळीच्या टोकाला पेल्याच्या तोंडाएवढी मोठी, जाड कडी लोंबत होती. दोराच्या टोकाला वळवून केलेला डोळा होता, पण तो दोन हात मागे, कप्पीपर्यंत सरकला होता. मधली जोडकडी तुटून तिचा निम्मा तुकडा तेलकट घाणीत पडला होता.

"मागे माणसं पाठव," आई म्हणाल्या. "सुकाणूचा दांडा हाताने ढकलायला सांग. म्हणजे हा दोर ढिला पडेल. आणि तुम्ही," समोर एक पोस्टमन बसले होते, त्यांच्याकडे बघून, "इकडे या. ओढायला माणूस हवा."

कुणीही विचारलं नाही की तुम्ही कोण. आजही मला याचं नवल वाटतं. साठ माणसांत एका माणसाला काय करायचं ते नक्की ठाऊक असेल, तर बाकीच्यांना ते कसं कळतं कोण जाणे. मी मागे धावले. दोन खलाशी मागच्या झडपेतून खाली उतरले आणि दांड्याला खांदा लावला. दोर ढिला झाला. आईंनी पक्कडीने दोराचा डोळा पकडला, पोस्टमननी आईंच्या मुठीवर आपली मूठ ठेवली, मी पोस्टमनच्या कमरेला मिठी मारली आणि आम्ही तिघांनी ओढलं. दोर इंच इंच पुढे आला. आईंनी पक्कडीने दाबून डोळा अरुंद केला आणि साखळीच्या कडीतून पलीकडे घातला.

आता त्या डोळ्यात काहीतरी आडवं अडकवायला हवं होतं. काजातून बटण निसटू नये म्हणून ते आडवं होतं ना, तसं. "दांडा! बोल्ट! काहीही!" आई ओरडल्या. एकाने छत्री दिली. आईंनी ती बघूनच परत केली. एकाने पेन पुढे केलं, तो बिचारा तरी काय करणार? खलाशी म्हणाला, "हत्यारांची पेटी इंजिनाच्या खोलीत आहे, आणतो." पण मागचे दोघे ओरडत होते, "आता धरवत नाही!" आणि मी मान वर केली तेव्हा पुलाचा खांब इतका जवळ होता की त्याला चिकटलेले शिंपले दिसत होते.

आईंनी हातातली पक्कड मिटली. खट् असा तो ओळखीचा आवाज झाला. त्यांनी ती डोळ्यात आडवी सरकवली.

"बुटाची नाडी दे."

मी नाडी ओढून काढली. आईंनी पक्कड घसरू नये म्हणून दोन्ही टोकांना नाडी गुंडाळून गाठ मारली.

"आई, हे तुटेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत खात्री नव्हती, हे मला सांगायलाच हवं. त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्या फक्त म्हणाल्या, "सोडा म्हणावं."

मागच्यांनी दांडा सोडला. दोर ताणला. पक्कड कडीवर आपटली आणि कर्र असा आवाज झाला, दात खाल्ल्यासारखा. मग तो आवाज थांबला.

"डावीकडे घ्या!" मी केबिनच्या दिशेने किंचाळले.

चाक फिरलं. साखळी पुढे सरकली, साखळीबरोबर पक्कड सरकली, पक्कडीमागे दोर सरकला. बोटीने एक क्षण काहीच केलं नाही. मग तिचं नाक हळूहळू, अगदी अनिच्छेने डावीकडे यायला लागलं. खांब आमच्या उजव्या बाजूने गेला. त्याचा ओला गार वास मला आला. हात लांब केला असता तर बोटं टेकली असती.

सगळे त्या उघड्या पेटीकडे बघत होते. एक अर्ध्या वितीचा पोलादाचा तुकडा, त्याला माझ्या बुटाची निळी नाडी, आणि त्यावर साठ माणसांचा जीव.

पण संकट टळलं नव्हतं. साखळीच्या पुढे एक कप्पी होती, आणि आडवी पक्कड त्या कप्पीतून जाणं शक्य नव्हतं. आई म्हणाल्या, "कप्तानाला सांग, डावीकडे दोन वितींपेक्षा जास्त ओढायचं नाही." मी मागच्या माणसाला सांगितलं, त्याने पुढच्या मुलीला, तिने आणखी कुणाला. केबिनपर्यंत पोचता पोचता 'दोन विती'चं 'दोन मिनिटं' झालं. कप्तानाने दोन मिनिटं चाक डावीकडेच ओढून धरलं. पक्कड कप्पीवर जाऊन धाडकन आदळली. नाडीचा एक पदर तुटला.

"पोस्टमन!" आई म्हणाल्या. "चिठ्ठी नको, तुम्ही स्वतःच जा."

पोस्टमन धावत गेले आणि उरलेला सगळा वेळ केबिनच्या दारात उभे राहिले. आई बोटांनी खूण करायच्या, पोस्टमन कप्तानाला सांगायचे. एक वीत. अर्धी. बस. सोडा. आईंनी उजव्या हाताची दोन बोटं पक्कडीवर ठेवली होती. मी म्हटलं, हात काढा, सटकली तर बोटं जातील.

"बोटं काढली तर मला कळणार कसं?"

"काय कळणार?"

"तिला किती झेपतंय ते."

मी रोज दहा-बारा हात तपासते. स्नायू किती ताणला आहे ते बोटांनी ओळखणं माझं काम. तरी त्या दिवशी त्या सुजलेल्या अंगठ्याशेजारच्या दोन बोटांकडे बघताना मला वाटलं, मला यातलं काहीच येत नाही. ती बोटं पोलादाशी बोलत होती. ताण वाढला की आई आधीच दुसरा हात वर करायच्या, आणि मग तो कर्र आवाज यायचा. दर वेळी आधी त्या, नंतर आवाज. अडतीस मिनिटं हे चाललं. मधे कधीतरी मघाशी रडणारी बाई उठून आली आणि आईंच्या गुडघ्याखाली तिने आपला कोट घडी करून सरकवला. आईंनी तिच्याकडे न बघता मान हलवली.

धक्क्याला लागलो तेव्हा कप्तान केबिनमधून उतरला. आडदांड माणूस. तो येऊन आईंच्या समोर जमिनीवरच बसला. आईंनी दोर ढिला करून घेतला, नाडी कापायची म्हणून सवयीने कमरेकडे हात नेला, आणि मग त्यांना हसू आलं. नाडी मी दातांनी तोडली.

पक्कड बाहेर आली. दोन्ही मुठींवर दोराने खोबण पाडली होती, अंगठ्याचं नख बसेल एवढी खोल. सगळं अंग किंचित धनुष्यासारखं वाकलं होतं. आईंनी ती उघडायचा प्रयत्न केला. उघडेना. आईंनी मुठी पुन्हा धरल्या, थोडं आत दाबलं, मग बाहेर ओढलं. करकर करत पक्कड उघडली. पेचकसांची बाजू मात्र कायमची बसली ती बसलीच. आईंनी जबडा मिटला आणि उजेडासमोर धरला. दोन ओठांच्या मधून उजेडाची रेघसुद्धा दिसत नव्हती.

"बघ," त्या मला म्हणाल्या. एवढंच.

कप्तान म्हणाला, "आई, ही मला द्या. केबिनमध्ये काचेच्या पेटीत लावतो. माझ्यानंतर येणाऱ्या प्रत्येक कप्तानाला सांगेन."

"आणि मी काय दातांनी खिळे काढू? ही माझी सूनबाई काढेल, तिचे दात बघितलेत ना." सगळे हसले. मग आई गंभीर झाल्या. "काचेत लावायचं असेल तर ती तुटलेली कडी लावा. आणि आता उजवीकडचं झाकण उघडा."

उजवीकडची जोडकडी आतून घासून निम्मी झाली होती. खलाशाने ती पाहिली, आणि मघाचं हसू आठवून त्याची मान खाली गेली. आईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "अरे, तुझा काय दोष? पेटीच्या आत कोण बघतं? जे चालू आहे त्याला कुणी उघडत नाही."

इस्पितळात आम्ही दोन तास उशिरा पोचलो. डॉक्टरांनी अंगठा बघितला, एक्स-रे बघितला आणि मी म्हटलं होतं तेच म्हणाले. झीज आहे, जोराची कामं बंद. मी ज्या वाक्यासाठी एवढा खटाटोप केला होता, ते वाक्य समोर आलं, आणि मीच म्हणाले, "डॉक्टर, काम बंद होणार नाही. काम करता येईल असा पट्टा द्या." आईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना नव्याने भेटत होते. मला वाटतं, भेटतच होते.

पट्टा मिळाला. तो मीच बेतून, शिवून पुन्हा नीट केला, अंगठ्याला आधार आणि बाकीच्या बोटांना मोकळीक राहील असा. पक्कड धरायची पकडही मी त्यांना बदलून दिली, अंगठ्याऐवजी तळव्याने जोर लावायची. पहिले दोन आठवडे त्यांनी मला भरपूर ऐकवलं. तिसऱ्या आठवड्यात ऐकवणं कमी झालं.

महिनाभराने फेरीबोटीच्या कार्यालयातून दोघं घरी आले. त्यांच्याकडे अशा सहा बोटी होत्या, सगळ्या एकाच वयाच्या. आई येऊन बघतील का? आई म्हणाल्या, "बघेन. पण उजेड धरायला माणूस लागेल." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मी आता दर मंगळवारी अर्धी रजा घेते. दवाखान्यातले लोक विचारतात, कुठे जाता? मी म्हणते, शिकायला.

परवाच्या मंगळवारी आम्ही चौथ्या बोटीच्या मागच्या कप्प्यात होतो. तीन फूट उंच जागा, तेलाचा आणि जुन्या पाण्याचा वास. आई पोटावर पालथ्या पडून साखळी बोटांतून एकेक दुवा पुढे सरकवत होत्या. डोळे मिटलेले. मी टॉर्च धरला होता, तो खरं तर माझ्यासाठीच. चाळीस-पन्नास दुवे गेले असतील. त्या थांबल्या.

"इथे. हात लाव."

मी बोट लावलं. गार, गुळगुळीत लोखंड. "काही नाही कळत."

"परत लाव. दाबू नकोस."

मी परत लावलं. काहीच नाही. आईंनी माझं बोट धरलं, आपल्या खरखरीत बोटांत घेतलं आणि दुव्याच्या आतल्या बाजूने अगदी सावकाश फिरवलं, लहान मुलाला अक्षर गिरवायला लावावं तसं.

नखाच्या टोकाला केसाएवढी कड अडकली.

"लागली," मी म्हणाले.

"हं," आई म्हणाल्या. "आता पुढचे दुवे तू बघ."